ट्रेवरचं हो-ला-हो

ट्रेवर ऑल्ड्रेडने तीन शनिवार जे चालवलं होतं, ते बेरिल हॅस्लमला मुळीच खपत नव्हतं. माणूस पिऊन पडला असता, कुणाच्या अंगावर धावून गेला असता, तर तिने समजून घेतलं असतं. तिचा स्वतःचा नवरा वॉल्टर काही संत नव्हता. पण हा बाबा तिच्या गाडीत, तिच्या शेजारच्या सीटवर पट्टा बांधून बसायचा आणि ती म्हणेल त्याला मान डोलवायचा. "हो, बेरिल." "खरंय, बेरिल." "तू म्हणतेस तसंच." नंदीबैलापुढे निदान कुणाला तरी ढोलकं वाजवावं लागतं. हा फुकटातच डोलत होता.

ट्रेवर म्हणजे बेरिलच्या धाकट्या बहिणीचा, जॉइसचा नवरा. जॉइस जाऊन चार वर्षं झाली, पण शनिवार काही गेला नाही. बाहेरगावची मॅच असली की बरोबर बाराच्या ठोक्याला तो लाल-काळा मफलर गुंडाळून बेरिलच्या दाराशी उभा. ब्रॅकनशॉ टाऊन हा त्यांचा क्लब. टीव्हीवर दिसतात त्यांतला नव्हे. मैदानात चारशे डोकी जमली की सेक्रेटरी खुशीत येतो, त्यांतला. मागच्या सीटवर स्टॅन्ली व्हिटवर्थ, अडतीस वर्षं बस चालवून घरी बसलेला, मांडीवर थर्मास. गाडी बेरिलची आणि चालवणारही बेरिलच. ह्या बाबतीत कधी मतदान घेण्यात आलं नव्हतं.

त्या गाडीत बोलण्याचाही एक क्रम होता. गाव सुटेपर्यंत युरोप. मोटारवे लागला की महागाई, म्हणजे लोण्याचा भाव, गॅसचं बिल आणि सरकारची अक्कल. मग मधल्याच लेनमधून मुंगीच्या पावलाने जाणारा कुणी भेटला की बाकीच्या जगाला गाडी कशी चालवता येत नाही, हा विषय. आणि मैदानाचे दिव्यांचे खांब दिसले की फुटबॉल. ह्या चारही बाबतीत बेरिल आणि ट्रेवरचं एकदाही पटलं नव्हतं. सात वर्षांपूर्वी युरोपच्या संघात राहायचं की नाही यावर देशाने मत दिलं तेव्हा ट्रेवरने बाहेर पडायला दिलं आणि गल्लीत शिरा ताणून भाषण केलं, की आता दार ओढून घ्यायचं आणि किल्ली समुद्रात फेकायची. बेरिलने आत राहायला दिलं. वॉल्टर वीस वर्षं रॉटरडॅमला ट्रक नेत असे, आणि तिथले लोक सकाळी पोटभर खायला घालतात असं तो सांगे. तिला तेवढं पुरलं होतं. फेब्रुवारीत दुकानांतून टोमॅटो गायब झाले तेव्हा ती म्हणाली, "घे, खा आता तुझं स्वातंत्र्य कापून मीठ लावून." त्यावर ट्रेवर चाळीस मैल बोलत होता. स्टॅन्ली म्हणाला होता, की इतका दंगा त्याच्या बसमध्ये मुलांची सहल असतानाही होत नसे.

आणि आता हा माणूस "हो, बेरिल" म्हणत होता.

पहिल्या शनिवारी तिला वाटलं, सर्दी झाली असेल. दुसऱ्या शनिवारी तिने मुद्दाम काढलं, "युरोपवाल्यांनी उद्या परत घेतो म्हटलं, तर मी ब्रसेल्सपर्यंत चालत जाईन." ट्रेवर खिडकीबाहेर मेंढ्या पाहत म्हणाला, "तू जाशील, बेरिल. तुझ्यात तो दम आहे." तेव्हा मात्र हे सर्दीचं नाही, हे तिला कळलं.

कारण हे तिने एकदा पाहिलं होतं. जॉइस अशीच होती. लहानपणी शेवटच्या बिस्किटावरून केस ओढणारी, म्हातारपणी पडद्याच्या रंगावरून आठवडाभर अबोला धरणारी जॉइस एका सप्टेंबरात अचानक गोड झाली. "तू म्हणतेस तसं, ताई." सहा आठवडे तसंच चाललं. बेरिलला वाटलं, बया शहाणी झाली अखेर. आणि सातव्या आठवड्यात हॉस्पिटलमधून फोन आला. जॉइसला सगळं आधीच ठाऊक होतं. भांडून जायचं नव्हतं तिला, म्हणून गोड झाली होती. बेरिलने त्याबद्दल बहिणीला अजून माफ केलं नव्हतं. जायचं तर भांडत जावं, म्हणजे मागे राहिलेल्याला कळतं तरी की काहीतरी गेलं.

त्यात बुधवारी स्टॅन्ली ब्रेड आणायला जाता जाता तिच्या फाटकाशी थांबला.

"मालकीणबाई, एक सांगू? तुला आवडायचं नाही."

"मग सांगच."

"ट्रेवर काल दवाखान्यातून बाहेर पडला. हातात हे एवढं तपकिरी पाकीट. मी हात केला, तर त्याने पाकीट कोटात लपवलं."

"तुला नीट दिसलं?"

"अडतीस वर्षं आरशात बघून माणसं ओळखलीत मी. ट्रेवरच होता."

बेरिलची मुलगी जॅनिस त्याच दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसायची. बेरिलने चहाही न टाकता तिला फोन लावला.

"जॅनिस, तुझा ट्रेवरकाका मंगळवारी आला होता?"

"आई, कोण आलं, कोण गेलं, ते मला सांगता येत नाही. नोकरी जाईल माझी."

"मी काही वर्तमानपत्र आहे का? तुझी आई आहे."

"आईलाही नाही."

"नुसतं हो की नाही म्हण."

"आई, मी फोन ठेवते."

"म्हणजे आला होता."

"मी तसं म्हटलं नाही!"

"नसता आला, तर 'नाही' म्हणाली असतीस," बेरिल म्हणाली आणि तिनेच फोन ठेवला. पंधराव्या वर्षी शाळा सोडून ती कापड गिरणीत मागावर उभी राहिली होती, पण दोन आणि दोन किती होतात हे सांगायला तिला कुणाची गरज नव्हती. आणि ह्या वेळी बेरीज चुकावी, असं तिला मनापासून वाटत होतं. ट्रेवर चौऱ्याहत्तरचा. त्याची एकुलती एक मुलगी कॅरन स्पेनमध्ये. आजारी पडला तर त्याला बघणार कोण? आणि तिच्याशी भांडणार कोण? जॅनिस भांडत नाही, समजावते. स्टॅन्ली फक्त रस्ते सांगतो. वॉल्टर आणि जॉइस दोघांनाही चर्चच्या मागे शेजारी शेजारी जागा मिळालीय आणि दोघंही उलट उत्तर देत नाहीत.

शनिवारी डोंगरापलीकडे यॉर्कशरात मॅच होती. बेरिलने मनाशी ठरवलं, आज एकदा खात्री करून घ्यायची.

गाव सुटायच्या आत तिने सुरुवात केली. "जर्मन लोकांचंच बरोबर, म्हणते मी. आपल्या सरकारला जमत नसेल तर चार वर्षं त्यांनाच चालवायला द्यावं."

स्टॅन्लीने मागून थर्मासचं झाकण गच्च धरलं.

"व्यवस्थित असतात ते," ट्रेवर म्हणाला.

मोटारवेवर ती म्हणाली, पेन्शन वाढवायची काही गरज नाही, म्हाताऱ्यांनी जरा कमी खावं. ट्रेवरने नुसतं "हं" केलं. एक पांढरी व्हॅन मधल्या लेनमध्ये ठाण मांडून बसली होती, तिला ओलांडताना बेरिल म्हणाली, "कसा छान चालवतोय, नाही? सगळ्यांनी मधूनच चालवावं." हे बोलताना तिच्या जिभेला फोड यायचा बाकी होता. ट्रेवर डोळे मिटून म्हणाला, "ज्याची त्याची पद्धत."

मोटारवे संपल्यावर मोठं सर्कल लागतं. तिथे तिसरा रस्ता घ्यायचा, हे त्या तिघांना झोपेतही सांगता आलं असतं. बेरिलने दुसरा घेतला.

"अगं अगं अगं!" स्टॅन्ली ओरडला. "हा कचरा डेपोचा रस्ता!"

"ट्रेवर, तुला काय वाटतं?"

ट्रेवरच्या मानेवरची शीर टरारून फुगलेली तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होती. एरवी ह्या माणसाने एवढ्यात नकाशा मांडीवर पसरून तिच्या आईबापापर्यंतचा उद्धार केला असता. तो म्हणाला, "नवीन काहीतरी बघायला मिळेल."

कचरा डेपोच्या फाटकातून गाडी मागे घेताना बेरिलला मागचं नीट दिसेना. काचेवर पाणी नव्हतं, धुकंही नव्हतं. मागे थांबलेल्या ट्रॅक्टरवाल्याने तिला वाट दिली तर हात वर करून आभार मानायचंही तिला सुचलं नाही. आजवर असं कधी झालं नव्हतं. स्टॅन्लीने मागच्या काचेतून तिच्या वतीने हात केला.

मॅच सुरू झाली. वारा असा होता की गोलकीपरने मारलेला चेंडू त्याच्याच दिशेने परत येत होता. चाळिसाव्या मिनिटाला ब्रॅकनशॉच्या मुलाला पेनल्टीच्या चौकटीत आडवं पाडलं आणि रेफरीने दोन्ही हात हलवून खेळ पुढे चालू ठेवला. गावची सत्तर माणसं एका सुरात ओरडली. ट्रेवरही कठड्यावर वाकून ओरडला, "डोळे गहाण ठेवलेस का रे, माकडा!" आवाज खणखणीत होता. बेरिलला एकदम हायसं वाटलं.

"पण मला वाटतं, पाय चेंडूलाच लागला," ती घाईने म्हणाली.

ट्रेवरने तिच्याकडे पाहिलं. "लागला असेल, बेरिल," तो म्हणाला आणि खाली बसला.

मध्यंतरात ती चहाच्या टपरीपाशी रांगेत उभी होती. ट्रेवर फोन कानाला लावून पार कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी गेला होता. मधे साठ-सत्तर पावलांचं अंतर आणि वर वाऱ्याचा घोंगाट. दुसऱ्या कुणाला एक अक्षर कळलं नसतं. पण बेरिल अकरा वर्षं चारशे मागांच्या खडखडाटात उभी राहिलेली. तिथे कान कामाचे नव्हते. शेडच्या ह्या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईशी नुसते ओठ हलवून बोलायची. कुणाचं लग्न, कुणाचं लफडं, सगळं ओठांवरून. हे ट्रेवरला ठाऊक होतं, म्हणून एरवी काही लपवायचं असलं की तो पाठ फिरवायचा. आज वाऱ्याकडे पाठ करून उभा राहिला आणि तोंड नेमकं तिच्याकडे झालं.

"नाही, कॅरन," त्याचे ओठ म्हणाले. "डॉक्टरांनी सही दिली. आता फक्त आईचा डबा. तो बेरिलकडे आहे. नाही, तिला सांगायचं नाही. तिला कळलं तर... नाही. तुझी शपथ घाल हवं तर. तिला कळता कामा नये."

रांग पुढे सरकली, तरी बेरिल जागची हलली नाही. टपरीतली बाई तिला दोनदा "काय देऊ, बाई?" म्हणाली. तिने तीन चहा घेतले आणि दोनच उचलून आणले.

जॉइसचा डबा म्हणजे टॉफीचा एक जुना पत्र्याचा डबा. त्यात घराण्याचे सगळे कागद असायचे. जन्माचे, लग्नाचे आणि मेल्याचे. जॉइस गेली तेव्हा ट्रेवरला काही सुधरत नव्हतं, म्हणून बेरिलने तो उचलून आपल्या कपाटात ठेवला होता. माणसाला तो डबा कधी लागतो? डॉक्टरांनी सही दिल्यावर.

उत्तरार्धात ब्रॅकनशॉने दोन गोल केले. बेरिलला एकही आठवत नव्हता.

परतताना अंधारून आलं होतं. डोंगराच्या माथ्यावर गाडी बाजूला घ्यायची एक जागा आहे, उन्हाळ्यात तिथे आइस्क्रीमवाला उभा असतो. तिथे पोचल्यावर बेरिलने दिवा दाखवला, गाडी आत घेतली, इंजिन बंद केलं आणि किल्ली कोटाच्या खिशात टाकली.

"काय झालं?" ट्रेवर म्हणाला.

"स्टॅन्ली, तू बहिरा आहेस."

"डाव्या कानाने," स्टॅन्ली म्हणाला. "आता उजव्यानेही झालो."

बेरिलने दोन्ही हात स्टिअरिंगवरच ठेवले. समोर बघत ती म्हणाली, "किती दिवस आहेत?"

"कसले दिवस?"

"ट्रेवर, मला फसवू नकोस. जॉइसने फसवलं, एक पुरे. तू मंगळवारी डॉक्टरांकडे गेला होतास. पाकीट लपवलंस. आज कॅरनला म्हणालास सही मिळाली, आता डबा हवा, बेरिलला कळू द्यायचं नाही. ओठ वाचले मी तुझे. तीन आठवडे माझं प्रत्येक वेडगळ बोलणं तू ऐकून घेतोयस. आजारी आहेस तर आजारी आहे म्हण. मी रडणार नाही." आणि एवढं बोलून ती रडायला लागली, आवाज न करता, समोर बघत, जणू रस्त्यावर काहीतरी महत्त्वाचं चाललंय.

ट्रेवरचा चेहरा असा झाला, की स्टॅन्लीने पुढे हरेक लग्नात आणि नाताळात त्याची नक्कल करून दाखवली.

"आजारी? मी? बेरिल, माझं रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, तुम्ही नव्वदी गाठाल. तीही विनाकारण."

"मग सही कसली?"

ट्रेवर खिडकीची काच पुसू लागला.

"कसली सही, ट्रेवर?"

तो इतकं हळू बोलला, की दोन्ही कानांनी बहिरा झालेला स्टॅन्ली पुढे वाकला. "फॉर्मवर. ओळखीचा डॉक्टर नाहीतर पाद्री साक्षीला लागतो. पासपोर्टचा फॉर्म आहे."

"तुझ्याकडे पासपोर्ट आहे. निळा. मला खिडकीतून दाखवत होतास तू, ढाल जिंकल्यासारखा."

"दुसरा. आयर्लंडचा. माझी आजी तिकडची होती, हनोरा. आजी तिकडची असली की मिळतो. पण तिचं गाव मला आठवत नाही, आणि मेयो परगण्यात हनोरा शेकड्यांनी आहेत. तिच्या बाप्तिस्म्याचा कागद जॉइसच्या डब्यात आहे."

बाहेर एक मेंढी कुंपणातून त्यांच्याकडे बघत होती.

"आयर्लंड," बेरिल सावकाश म्हणाली. "आयर्लंड युरोपात आहे. आतमध्ये."

"हो, बेरिल."

"म्हणजे तू दार ओढून घेतलंस, किल्ली समुद्रात फेकलीस, आणि आता आजीच्या खिडकीतून आत उडी मारतोयस."

स्टॅन्लीच्या घशातून एक आवाज निघाला, ब्रेक घासल्यासारखा. मग बेरिलचा बांध फुटला. ती हसायला लागली, ती अशी की कपाळ स्टिअरिंगवर आपटलं, हॉर्न वाजला आणि मेंढी टेकडीवर पळून गेली. आसवं गळतच होती, पण आता त्यांचं कारण बदललं होतं.

"हे बघ, म्हणूनच," ट्रेवर तांबडालाल होऊन म्हणाला. "म्हणूनच सांगत नव्हतो. मरेपर्यंत तू हे चघळत बसशील."

"मेल्यावरही. तुझ्या थडग्यावर आयर्लंडचं ते तीन पानांचं हिरवं क्लोव्हर लावीन."

पण हसता हसता ती मधेच थांबली. तिच्या डोक्यात दुसरंच काही आलं होतं आणि ते पहिल्याहून फार बरं नव्हतं. "तो पासपोर्ट कशाला लागतो तुला? तिकडे राहायला? कॅरनकडे?"

"जायला-यायला."

"सरळ सांग. जॅनिस म्हणत होती, आपल्याला तिकडे नव्वद दिवसांवर राहू देत नाहीत." बेरिलने हातमोजा काढला आणि बोटांवर मोजायला घेतलं. "सीझन संपतो एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी. सरावाच्या मॅच सुरू जुलैच्या मध्याला. अकरा आठवडे. साताने गुणिले, सत्त्याहत्तर. नव्वदात बसतं, वर तेरा दिवस शिल्लक. सीझन न चुकवणाऱ्या माणसाला तुझा निळा पासपोर्ट पुरतो, ट्रेवर. ज्याला हिरवा, काय रंगाचा असेल तो, लागतो, तो सीझन सोडून चाललाय."

"लाल असतो," ट्रेवर म्हणाला.

"रंग विचारला नाही मी."

आता ट्रेवर खरोखर कोंडीत सापडला. त्याने मफलर सोडला, परत बांधला. "कुठे जात नाहीये मी. तिथे मेमध्येच अंग भाजतं, चहात दूध कोमट घालतात, आणि कॅरनचा नवरा जेवताना टेनिस बघतो. मला तिथे तीन आठवडे पुष्कळ झाले."

"मग?"

"रांग."

"काय रांग?"

"विमानतळावरची!" इतके दिवस कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "जूनमध्ये गेलो होतो ना? तिथे दोन रांगा. एक युरोपवाल्यांची, एक आपली. दीड तास, बेरिल! ह्या वयात, ह्या मूत्राशयाला घेऊन, दीड तास! आणि पलीकडच्या रांगेतून माझ्याच विमानातला तो जाडा बेल्जियन दोन मिनिटांत गेला. माझ्याकडे बघून हात केला त्याने. हसत! मी सामान घ्यायला पोचलो तेव्हा तो बाहेर बसून बिअर पीत होता. अख्ख्या जगाला रांगेत उभं राहायला आपण शिकवलं, आणि आपल्यालाच..."

"...आपल्याच मताने उभं केलं," बेरिलने वाक्य पुरं केलं.

"मत मी देशासाठी दिलं होतं!" ट्रेवर ओरडला. "तेव्हाही बरोबर होतं, आताही बरोबर आहे! रांगेचा आणि त्याचा काय संबंध? त्यांनी मुद्दाम काउंटरवर एकच माणूस बसवला, खुन्नस म्हणून! आणि तुला एक सांगतो, तो जर्मन लोकांना सरकार चालवायला द्यायचा तुझा विचार, इतकं मूर्खासारखं मी पन्नास वर्षांत ऐकलं नाही. आणि मधल्या लेनमध्ये बसतो त्याचं लायसन्स फाडलं पाहिजे. आणि ती पेनल्टी होती! आंधळ्या मांजरालाही दिसली असती! पाय चेंडूला लागला म्हणे!"

"पाय चेंडूलाच लागला," बेरिल म्हणाली. डोळे पुसले, किल्ली काढली, गाडी सुरू केली. "आरसा बघ त्या बाजूचा. येतंय का कुणी?"

"घे. नको, थांब. आता घे. अगं, दिवा दाखव!"

डोंगर उतरेपर्यंत कुणी कुणाला वाक्य पुरं करू दिलं नाही. लोणी महाग झालं ते युद्धामुळे की ब्रसेल्समुळे, वीसच्या वेगमर्यादेने माणसं वाचतात की झोपतात, डावा बचावपटू उजवीकडे खेळवला तर काय होईल, सगळं एकाच दमात आलं. क्रम पार विस्कटला होता. सर्कलला बेरिलने ह्या वेळी बरोबर रस्ता घेतला, तर ट्रेवर म्हणाला, चुकीच्या गिअरमध्ये घेतला. स्टॅन्लीने थर्मास उघडून उरलेला चहा एकट्याने, अगदी निवांत प्यायला.

ब्रॅकनशॉला पोचले तेव्हा सहा वाजले होते. बेरिलने दोघांना घरात घेतलं, गॅस पेटवला, आणि वर जाऊन डबा घेऊन आली. झाकणावर जॉइसच्या अक्षरात चिकटवलेला कागद होता: 'ट्रेवरने हात लावू नये, हरवतो.' बेरिलने तो वाचला, एकदा बोटाने दाबून नीट बसवला, आणि झाकण काढलं. तिला शोधावं लागलं नाही. ह्या चार वर्षांत तिने तो डबा किती वेळा उघडला होता, ते तिच्या मुलीलाही ठाऊक नव्हतं. घडी झिजून पिवळा झालेला एक कागद तिने दिव्याखाली धरला.

"हनोरा डुआन. गाव कॅरोमोर," तिने अक्षर अक्षर लावत वाचलं.

ट्रेवरने हात पुढे केला. बेरिलने कागद दिला नाही. ट्रेवर चौऱ्याहत्तर वर्षांचा, पण मुख्याध्यापिकेसमोर उभं केल्यासारखा टेबलापाशी उभा होता, टोपी हातात. स्टॅन्ली बिस्किटांच्या बशीकडे बघत होता, कारण दोघांपैकी कुणाकडेही बघणं बरं दिसलं नसतं.

"ऐक, ट्रेवर ऑल्ड्रेड," ती म्हणाली. "मत तू तुझं दिलंस, ते तुझ्यापाशी. आजी तुझी, तिचा कागदही तुझा. घे, आणि जा त्या बेल्जियनच्या पुढे घुसून. त्यात मला लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही, हसण्यासारखं मात्र भरपूर आहे, आणि मी हसणार आहे. पण मी हसेन म्हणून घाबरलास आणि तीन शनिवार माझ्याशी गोड बोललास, हा गुन्हा तुझा. ह्या तीन आठवड्यांत तुला पुरताना कुठला सूट घालायचा, तेही मी ठरवून टाकलं होतं. तो करडा. तू त्यात अगदी भिकार दिसतोस. तेव्हा पुन्हा कधी माझ्या गाडीत मनात एक आणि तोंडात 'हो, बेरिल' असं केलंस ना, तर मी तुला त्याच सूटात जिवंत पुरीन."